पहिलं बिल सोमजाईचं

सोनाली : ज्या कुणी हा नियम लिहिला ना साहेब, त्याने जन्मात एक बिल फाडलेलं नाही! एसीत बसून लिहिला आणि राबवायला तुम्हाला महाडात धाडलं.

ओंकार : मॅडम, मी तपासनीस आहे. नियम माझा नाही.

सोनाली : कुणाचाच नसतो. सकाळपासून काय काय तपासलंत? व्यापाऱ्यांची ई-बिलं पाठवणाऱ्या माझ्यासारख्या सेवादाराकडे बिलांचा साठा दोन गावांत हवा. आहे. एक इथे वरच्या मजल्यावर, पुराचं पाणी चढत नाही तिथे, दुसरा पोलादपूरला मावशीकडे. वाटेत कुणी बिल वाचू नये अशी कुलपं हवीत. आहेत. सेकंदाला पन्नास बिलं पेलायला हवीत. पेलली. मग अडलं कुठे?

ओंकार : शेवटच्या रकान्यात. अर्ध्या टक्क्यापेक्षा जास्त बिलं बेपोच राहिली, म्हणजे ग्राहकाची पोच आली नाही, तर सेवादार नापास. तुमची अठ्ठावीसशे बिलं. म्हणजे चौदा चालतात. बेपोच आहेत अडतीस. अडतीस व्यापारी, प्रत्येकाचं एक. आणि गंमत म्हणजे प्रत्येकाचं ते पहिलंच बिल, नंबर एक!

येसाजी : मंग बरोबर हाय की.

ओंकार : हे कोण?

सोनाली : येसूआबा, माझे पहिले ग्राहक. पोलादपूरच्या वर वखार आहे त्यांची, एमआयडीसीतल्या कारखान्यांना माल रचायची लाकडी पॅलेट पुरवतात. उद्यापासून कारखाने मंजूर सेवादाराकडून आलेलंच बिल घेणार, म्हणून निकाल ऐकायला आलेत.

येसाजी : टेंपो भरून हुबा हाय, साहेब. नऊ मानसं हायेत माझ्याकडं. पन चालू द्या तुमचं.

ओंकार : आजोबा, तुमच्या पहिल्या बिलावर ग्राहकाचं नाव 'सोमजाई देवी'. माल नारळ, एक नग. किंमत शून्य. हे काय आहे?

येसाजी : नव्या बिलबुकाचं पयलं पान देवीचं. बाप फाडायचा, मी फाडतो. पान नि नारळ देवळात ठेवायचा, मंग दुसरं बिल गिऱ्हाइकाचं. ही पोरगी आली, म्हनाली आबा, आता बुक बंद, सगळं हवेतनं जानार. म्हनलं जाऊ दे बाय, पन पयलं देवीलाच जाईल.

सोनाली : त्याशिवाय एकानेही नाव नोंदवलं नसतं. कुणाची सोमजाई, कुणाची काळकाई. पाचाडच्या ठकूबाई कारखान्याच्या कॅन्टीनला तांदूळ घालतात, त्यांनी तीन दिवस दुसरं बिल अडवून धरलं होतं, वाघजाईचं गेलं का ते आधी दाखव म्हणून.

ओंकार : अहो, मग पाठवायचं आणि रद्द करून टाकायचं!

सोनाली : रद्द फक्त चोवीस तासांत होतं. तुमचाच नियम नववा. ही बिलं एप्रिलमधली. आज सप्टेंबर. आणि देवीचं बिल रद्द करा म्हणून ठकूबाईंना सांगायला तुम्ही जाणार आहात?

ओंकार : मग पोच आणा. ग्राहकाची.

येसाजी : आनली की! श्रीपत गुरवानं कौल लावला. आई, नारळ पावला का तुला? कळी उजवी पडली, म्हंजे होय, साऱ्या गावासमोर. ह्याच्याहून मोठी सही कुठली?

ओंकार : आजोबा, कौल अपलोड होत नाही.

येसाजी : का? नातीनं फोटू काढलाय.

ओंकार : गुरवांनी सही करायची, तर ते अधिकृत प्रतिनिधी आहेत असं पत्र लागेल. ग्राहकाच्या सहीचं.

येसाजी : तिच्या?

ओंकार : हो.

सोनाली : ऐकताय का स्वतःला?

ओंकार : ऐकतोय! रोज ऐकतोय. पाच वाजता माझा अहवाल बंद होतो, मॅडम. मला काहीतरी भरायला द्या.

सोनाली : बंगळुरूच्या त्या बड्या सेवादार कंपनीला तुम्ही मंजुरी दिलीत. तिची वर्षाला एक कोटी बिलं. म्हणजे पन्नास हजार बेपोच राहिली तरी ती पास?

ओंकार : टक्का सगळ्यांना सारखाच आहे.

सोनाली : सारखा? त्या पन्नास हजारांत खरा माल आहे, खरी माणसं आहेत. ती बिलं कुठे गेली, विचारलंत कुणी? माझं गिऱ्हाइकाचं एकूण एक बिल पोचलंय. आणि ही अडतीस कुठे आहेत तेही दाखवते. चला देवळात, करवंट्या मोजा.

ओंकार : एक वाट आहे. बेपोचचं कारण निवडता येतं. यादीत दोनच आहेत. 'ग्राहक अस्तित्वात नाही' किंवा 'ग्राहकाने माल नाकारला'.

येसाजी : आं?

ओंकार : पहिलं टाकलं तर बिलं बोगस धरतात, मॅडम काळ्या यादीत. आणि पहिलं मी टाकतही नाही. माझ्या आईला कळलं तर ती घरात घेणार नाही. दुसरं टाकलं तर अडतीसच्या अडतीस वगळली जातात. तुम्ही पास.

सोनाली : मग दुसरं टाका ना! इतका वेळ काय बघत होतात?

येसाजी : काय टाका? देवीनं नारळ नाकारला?

सोनाली : आबा, नुसता रकाना आहे तो.

येसाजी : अगो, तुला रकाना. देवीनं नारळ नाकारला तर मानूस घराचा पाया खनत नाय, पोरीचं लगीन ठरवत नाय. आनि हे माझ्या नावावर? कधी पुसनार ते?

ओंकार : नोंद आठ वर्षं राहते.

येसाजी : आठ वर्सं!

सोनाली : पण वाचणार कोण आहे, आबा?

येसाजी : कुनी वाचनार नाय, तर लिवता कशापायी?

सोनाली : टेंपो तुमचाच उभा आहे! मी नापास झाले तर प्रत्येकाला बंगळुरूवाल्यांचे वर्षाला अठरा हजार भरावे लागतील. ठकूबाई कुठून भरणार? माझी तीन वर्षं गेली यात, आबा. वाशीची नोकरी सोडली मी.

येसाजी : ठावं हाय गो. म्हनून तर पयलं नाव मी घातलं तुझ्याकडं. कुनी येत नव्हतं. टेंपो हुबा ऱ्हाऊ दे, मानसं बसू दे. पन पावलेला नारळ नाय पावला म्हनून मी लिवून देनार नाय. तुला लिवायचं तर लिव. मी आडवा येनार नाय. मंग गावात येऊन सांग मात्र.

ओंकार : पाचला सात मिनिटं आहेत. दुसरंच ना, मॅडम? दाबतो.

सोनाली : थांबा.

ओंकार : मग पहिलं?

सोनाली : दोन्ही खोटी आहेत. हात काढा.

ओंकार : रिकामं ठेवलं तर अहवाल जातच नाही! माझ्यावर येतं ते.

सोनाली : येऊ दे. एकदा तुमच्यावर येऊ दे, मग तुमच्या साहेबांवर, मग त्यांच्या साहेबांवर. खाली आमच्यावर सोडून सोडून सवय लागलीय सगळ्यांना. लावा फोन वर. आवाज मोठा ठेवा.

ओंकार : आणि विचारू काय?

सोनाली : तुम्ही नुसतं लावा.

ओंकार : (फोन मेजावर ठेवून) सर, महाडहून ओंकार. हो सर, तपासणी झाली. नाही, पास नाही. नापासही नाही सर. कारणांच्या यादीत एक कारण कमी पडतंय... सर, मी नाही सांगू शकत. ज्यांचं बिल आहे ते इथे बसलेत, तेच विचारतात.

येसाजी : रामराम, साहेब. नारळ आमच्या देवीला पोचला. तुमच्याकडं कुठं अडकलाय, तेवढं सांगा.