राहीबाईंच्या अंगठ्याचा कागद

पोलीस ठाणे पारनेर, ता. १५ मार्च १९७२

मी एस्तेर सालोमन भिंगारदिवे, वय ५६, धंदा दंतवैद्यक, राहणार पारनेर. आज कोणी न बोलावता ठाण्यात हजर होऊन सांगते की,

राहीबाई सहादेव औटी, वय ६५, यांच्या तोंडात वीस वर्षे एकही दात नाही. खालची कवळी जागेवर राहत नसे. "बाई, माझ्याआधी कवळीच बोलती," असे त्या म्हणत. परदेशी मासिकात वाचून मी त्यांच्या जबड्यात कवळी अडकवण्यासाठी धातूचे दोन खुंट बसवायचे ठरवले. असे काम मी पूर्वी केले नव्हते. हे त्यांना सांगितले नाही.

ता. २२ फेब्रुवारी रोजी सकाळी साडेदहाला काम सुरू केले. दात गेल्यावर हाड झिजते आणि आत खोल असलेली ओठाची नस वरच्या कडेजवळ येते. हे मला ठाऊक आहे. एक्स-रेसाठी त्यांना नगरला पाठवायला हवे होते. पाठवले नाही. शिकत असताना वापरलेला हाडाचा एक जबडा दवाखान्यात आहे, त्यावरून खोली मोजली. त्या जबड्याला सर्व दात आहेत.

डावीकडे भोक पाडताना राहीबाईंनी हात वर केला. मी म्हणाले, "हात खाली. एवढंही सोसत नाही?" त्यांनी हात खाली घेतला. मी काम पुरे केले.

तेव्हापासून त्यांचा डावा खालचा ओठ बधिर आहे. आठ दिवसांनी मुलगा गोरक्ष त्यांना घेऊन आला. म्हणाला, "चहानं ओठ भाजला, फोड आला, अन् हिला पत्ताच न्हाई." तो औषध आणायला गेला असता मी राहीबाईंच्या नावाने एक कागद लिहिला, की 'काम चालू असता मी डोके हलवले, त्यामुळे इजा झाली.' राहीबाईंनी विचारले, "काय लिव्हलंय, बाई?" मी म्हणाले, "औषधाची नोंद." त्यांनी अंगठा दिला.

गोरक्ष यांच्या तक्रारीवरून काल मला बोलावले, तेव्हा मी तो कागद हजर केला. हवालदारांनी तो मोठ्याने वाचला. गोरक्ष म्हणाला, "आये, हालली व्हतीस का?" राहीबाई माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "बाई म्हणत्यात तर हालले असंन." त्यावर गोरक्ष यांनी तक्रार मागे घेतली.

तो कागद खोटा आहे. तक्रार पुन्हा दाखल करून घ्यावी.

जबाब मला वाचून दाखवला. त्यात 'डोके बहुधा हलले नसावे' असे लिहिले होते. ते खोडून 'हलले नाही' असे लिहिण्यास मी सांगितले. आता बरोबर आहे.

(सही)
एस्तेर सालोमन भिंगारदिवे