टेंपोची लाईट

माझं कुणी ऐकलंच नाय. आमच्या जुन्या टेंपोची हेडलाईट गाडी खड्ड्यात आपटली की जायची, मग आपोआप यायची. नवरा म्हणायचा, "तुलाच चालवता येत नाय." एकदा पहाटे मासळी आणायला निघाले, तर पळस्पे फाट्याजवळ लाईट गेली. एक म्हातारा चाकाखाली येता येता वाचला. नवऱ्याला घेऊन तडक गॅरेज गाठलं.

मिस्त्री म्हणाला, "लाईट तर लागते, मावशी."

"वायर हलव आधी!"

हलवली, तर विझली. टेंपोतल्या देवीच्या फोटोभोवती लायटिंग लावायला हेडलाईटचीच वायर कापून नुसती हाताने पिळलेली.

"हे कुणी केलं?" मिस्त्रीने विचारलं.

नवरा खाली मान घालून उभा. लग्न झाल्यापासून त्याचं नाव मी कधी तोंडातून काढलं नव्हतं. त्या दिवशी काढलं.

"काशिनाथ."