यंत्राला दिसला तो बारक्याचा बोर्ड

...आणि वर चौकट! तुम्हाला सांगतो, नुसतं वाचलं असतं तर मी सोडून दिलं असतं, पण त्या कॉम्प्युटरनं बारक्याच्या दुकानाच्या नावाभोवती छान निळी चौकट काढली, नवरानवरीच्या फोटोला काढतात तशी, आणि फोटोच्या मधोमध, दुकानाच्या रुंदीएवढा पसरलेला माझा बोर्ड, त्याच्याकडे ढुंकून बघितलं नाही! फोटो माझा, दुकान माझं, कॉम्प्युटर माझा... आणि चौकट कुणाला? बारक्याला! आता मी काही जळत नाही हो, पण माणसानं सोसायचं तरी किती?

बारक्या म्हणजे माझा शेजारी. नाव बारक्या, पण दारातून आत येताना तिरका होऊन येतो. माझं पडद्यांचं दुकान, त्याचंही पडद्यांचंच, मध्ये एक भिंत. सगळा बाजार मोकळा पडला होता, पण याला जागा सापडली ती माझ्या कुशीत! आणि त्याचा बोर्ड बघाल तर पांढऱ्यावर काळी, मुलांच्या अंकलिपीत असतात तशी ठोकळा अक्षरं. ना रस, ना रंग. आणि माझा? पेंटरला मी बजावलं होतं, बाबा रे, नुसती अक्षरं बघून गिऱ्हाइकाला पडदा घ्यावासा वाटला पाहिजे. काय काढलीन त्यानं! प्रत्येक अक्षराला चुण्या, वेलांटीला गोंडा, वरची रेघ म्हणजे पितळेची दांडी आणि त्या दांडीला कड्या... रस्त्यानं जाणारा माणूस थांबून बघतो. वाचतो की नाही ते मी कधी विचारलं नाही. गिऱ्हाइकाची परीक्षा घेऊ नये.

तर झालं काय, व्यापारी मंडळानं ठरवलं की बाजाराच्या फाटकाशी मोठा फलक लावायचा, सगळ्या दुकानांची नावं, कोण कुठल्या गल्लीत. आता फाटकावर नाव नाही तो दुकानदार कसला? आमचे चिटणीस म्हणजे भांडीवाले काका, ते भर सभेत म्हणाले, “ज्यानं त्यानं दुकानाचा फोटो पाठवा, बाकी कॉम्प्युटर बघून घेतो! फोटो उघडला की त्यातलं लिहिलेलं आपोआप ओळखतो, मी उचलतो, छापखान्यात टाकतो. टायपिंगची कटकट नाही!”

मी पाठवला फोटो. आमच्या गल्लीचा कच्चा नमुना आला तर त्यात बारक्या दोनदा! एकदा त्याच्या जागी, एकदा माझ्या! म्हणून घरी येऊन तोच फोटो मी आमच्या कॉम्प्युटरवर उघडला, तेव्हा ती चौकट दिसली. कोपऱ्यात बारक्याचा बोर्ड डोकावत होता ना, यंत्रानं तेवढाच उचलला! आमची ही शेजारी उभी. म्हणाली, “अहो, त्या यंत्राला काय आपलं-परकं कळतंय?” मग बरोबर त्याच्याच बोर्डावर कसं गेलं? सांगा ना! तर ही म्हणते, “त्याची अक्षरं सुटसुटीत आहेत.” सुटसुटीत! इतक्या वर्षांच्या संसारात माझ्या एका गोष्टीला हिनं सुटसुटीत म्हटलेलं नाही! मी जळत नाही हो, पण लागतं की नाही माणसाला?

मग मी बारक्याला कापला. म्हणजे फोटोतून. नुसतं माझं दुकान ठेवलं आणि पाठवलं. अर्ध्या तासात काकांचा फोन, “काय हो, तुमच्या दुकानाचं नाव ‘ढकला’ आहे का?” काचेच्या दारावरचं ‘ढकला’! तळहाताएवढी चिठ्ठी, ती वाचली! आणि डोक्यावर पितळेची दांडी घेऊन माझा बोर्ड उभाच!

आता मी शाळेत फार टिकलो नाही, पण जे यंत्र हातात आलं त्याच्या पोटात मी शिरलोच. फोटोच्या त्या प्रोग्राममध्ये गेलो, सेटिंग उघडलं, खाली खाली गेलो तर तिथं एक खटका, ‘मजकूर आपोआप ओळखा’. दाबला, बंद! चौकट गायब, बारक्या गार! मला काय वाटलं सांगू, सगळा बाजार एका बोटानं बंद केल्यासारखं! मग विचार केला, हाच खटका काकांच्या कॉम्प्युटरवर बंद झाला, तर काकांना प्रत्येक फोटो स्वतःच्या डोळ्यांनी बघावा लागेल. आणि माणसाच्या डोळ्यांत माझा बोर्ड भरणार नाही तर काय बारक्याचा भरणार?

गेलो काकांकडे. काका गिऱ्हाइकाला पातेलं दाखवायला उठले, तेवढ्यात मी खुर्चीत. खटका, बंद. चहा पिऊन घरी.

दुसऱ्या दिवशी बाजारात एकच ओरडा. काकांचं यंत्र आंधळं झालं! एक नाव उचलेना! काका कपाळाला हात लावून बसलेले, छापखाना संध्याकाळी बंद होणार, आणि हे सगळं बसून टाइप कुणी करायचं? कोण पुढं आलं असेल?

बारक्या!

“काका, तुम्ही सरका, मी करतो.” झालं! शटर अर्धं ओढून बसला काकांकडे, आणि जो तो येऊन त्याची पाठ थोपटतोय. चपलांचा दुकानदार म्हणतो, “माणूस असावा तर असा!” आमच्या हिनं तर त्याला चहा नेऊन दिला! आमच्या थर्मासमधून! मी जळत नाही हो, पण तो थर्मास मी आणलेला!

दुपारी त्याचा फोन. “दादा, रागावू नका, पण तुमच्या दुकानाचं नाव नेमकं काय लिहू?”

नेमकं काय! भिंतीला भिंत लागून बसतोस, रोज त्या बोर्डाखालून जातोस आणि मला विचारतोस? माझं डोकंच फिरलं. म्हटलं, “सगळ्या बाजाराला दिसतंय, तुला दिसत नाही? बाहेर ये, मान वर कर आणि वाच!” ठेवला फोन.

तो आला हो बाहेर. काचेतून बघत होतो ना मी. मान वर केली, मग उजवीकडे वाकडी केली, मग डावीकडे. काकांना बोलावलं, काकांनी चष्मा पुसला. शेवटी पेंटरला बोलावलं, माझ्याच पेंटरला! पेंटर म्हणाला, “कड्या मी काढल्या एवढं आठवतंय.” मी बाहेर पडून एक शब्द सांगितला असता तर भागलं असतं. पण मी सांगायचं? बारक्याला? मी काउंटरवर कापड मोजत बसलो, तेच तेच कापड.

फलक लागला. भला मोठा, सुटसुटीत. बारक्याचं नाव, आणि त्याच्या खाली माझी ओळ... ‘बारक्याच्या शेजारी’.

भांडलो असतो हो. पण त्या दिवसापासून गिऱ्हाईक ‘बारक्याच्या शेजारी कुठं?’ असं विचारत विचारत थेट माझ्या दारात येतंय, पूर्वी कधी येत नव्हतं एवढं. आत येतं, पडदे बघतं, हसून विचारतं, “बारक्याशेठ म्हणजे तुमचे मोठे भाऊ का?”

मी म्हणतो, “हो. या, बसा.”