जिन्याखालची खोली रिकामी नव्हती

आदरणीय अध्यक्ष डॉक्टरसाहेब, व्यासपीठावर बसलेल्या आर्किटेक्टबाई, आमचे सेक्रेटरीसाहेब, ज्यांच्यासाठी आज आपण जमलो ते आपले टेलर मास्तर, समोर बसलेल्या बावीस घरांतल्या माझ्या लेकीसुना, भाऊमंडळी, आणि मागच्या रांगेत मान खाली घालून मोबाइलमध्ये बुडालेली तरुण पोरं, तुम्हा सगळ्यांना माझा मनापासून नमस्कार.

माईक जरा खाली करा कुणीतरी. आणि डॉक्टरसाहेब, मी बसूनच बोलते हं. माझे गुडघे तुम्हीच तपासता, त्यांचं कौतुक तुम्हाला मी काय सांगू?

मी चौथी शिकलेली बाई. भाषण असं आयुष्यात केलेलं नाही. यावर माझी सून म्हणाली, "आई, भाषण तुम्हाला नवीन नाही, माईक तेवढा नवीन आहे." हसा, हसा. नातीनं बजावलंय, पाच मिनिटांच्या वर बोलायचं नाही. सेक्रेटरीसाहेबांनी सांगितलंय, मास्तरांविषयी चार चांगले शब्द बोला आणि शेवटी नव्या इमारतीविषयी काहीतरी आशेचं बोला, तुम्हाला ते छान जमतं. म्हणून तीन दिवस बसून लिहून काढलंय. अक्षर माझंच आहे, त्यामुळे मला वाचायलाही वेळ लागेल.

आशेचं आधी बोलते, कारण ते सोपं आहे. मला सगळे 'होईलआजी' म्हणतात हे मला माहीत आहे. तोंडावर म्हणतात, पाठीमागेही म्हणतात. कुणाच्या नळाला पाणी नसो, कुणाच्या मुलाचं लग्न ठरत नसो, मी म्हणायची, होईल हो, सगळं छान होईल. इमारत पाडून नवी बांधायची असं ठरलं तेव्हा याच गुणामुळे मला कामाला लावलं. बिल्डरचं ते गुळगुळीत माहितीपत्रक घेऊन मी दारोदार हिंडले. त्यावर एक बाई गॅलरीत कप घेऊन उभी आहे. मी प्रत्येक घरी सांगायची, ही मीच. नात म्हणाली, "आजी, ती पंचविशीतली आहे." म्हटलं, लिफ्ट येऊ दे, मग मीही होते पंचविशीतली!

तिसऱ्या मजल्यावरच्या नर्सबाई सही करायला तयार नव्हत्या. म्हणाल्या, "आजी, तीन वर्षं भाड्याच्या घरात काढायची आणि परत आलोच नाही तर?" मी त्यांना हाताला धरून खिडकीशी नेलं. म्हटलं, समोर बघा. दोन वर्षांपूर्वी तिथे पत्रे आणि चिखल होता. आज नऊ मजले उभे आहेत, खाली बँक आली, औषधांचं दुकान आलं, रस्त्याला दिवे आले. तिथली माणसं गेली आणि परत आली की नाही? आपण का नाही येणार? नर्सबाईंनी तिथेच सही केली. खोटं बोलले नव्हते मी. आजही माझा विश्वास तोच आहे. आमच्या घरात दोन खोल्या आणि पाच माणसं. माझी नात जिन्याच्या वळणावर स्टुलावर बसून अभ्यास करते. वर जाणारा प्रत्येक जण तिला विचारतो, "काय, चाललाय का अभ्यास?" आणि तेवढ्यात तिची ओळ हरवते. नव्या घरात तिला स्वतःची खोली मिळणार आहे, दार असलेली. मला किती आनंद झालाय म्हणून सांगू! नकाशावर मी त्या दारावर बोट ठेवून बसते.

आता मास्तरांविषयी. मास्तर, बघा माझ्याकडे, लाजू नका. सव्वीस वर्षं जिन्याखालच्या त्या खोलीत, गळ्यात टेप आणि कानावर खडू. बाहेर जाणाऱ्याच्या पँटची शिवण उसवलेली दिसली की हाक मारून थांबवणार, "साहेब, असे ऑफिसात जाऊ नका, लोक हसतील." जुना शर्ट मापाला आणला तरी माणसाला उभं करून स्वतः माप घेणार, आणि दोनदा घेणार. मी कमरेचं माप जरा कमी सांगायची. तर म्हणायचे, "मावशी, आशा चांगली आहे, पण कापड फाटेल." नातीच्या शाळेचा स्कर्ट शिवताना खाली दोन इंच कापड आत दुमडून ठेवायचे. दरवर्षी थोडं उसवायचं, स्कर्ट लांब व्हायचा. मी विचारलं, इतकं कशाला ठेवता? म्हणाले, "पोरगी उंच होणार आहे." आशा अशी असते. माझी नुसती तोंडाची होती.

सेक्रेटरीसाहेब, घड्याळ बघू नका. आता मोजणीची गोष्ट सांगते, मजेशीर आहे. निदान सुरुवात तरी मजेशीर आहे.

गेल्या वर्षी मोजणीवाले येणार असं कळलं तेव्हा मास्तर लेकीच्या बाळंतपणाला गेले होते, आठ दिवसांसाठी. खोलीची किल्ली नेहमीसारखी माझ्याकडे. आदल्या दिवशी समजलं, नुसती मोजणी नाही, फोटोही काढणार. झालं! फोटो म्हटल्यावर माझे हात शिवशिवायला लागले. मास्तरांची खोली म्हणजे चिंध्या, दोरे, खडूची पूड, अर्धे शिवलेले शर्ट. म्हटलं, माणूस घरी नाही, त्याची जागा फोटोत अशी दिसायला नको. मुलाला आणि नर्सबाईंच्या घरी काम करणाऱ्या बाईला मदतीला घेतलं आणि मशीन, कापायचं टेबल, कपड्यांची गाठोडी, सगळं आमच्या स्वयंपाकघरात आणून ठेवलं. मुलगा त्या दिवशी मशीनवर ताट ठेवून जेवला. दाराच्या वरची पाटीही काढली, साबणानं घासली आणि गच्चीत वाळत घातली. दुसऱ्या दिवशी सकाळी फरशी धुतली. इतकी स्वच्छ केली की तिच्यात तोंड दिसावं. आणि मग मोजणीवाल्यांसाठी कॉफी करायला वर गेले.

मी वर दूध तापवत होते तेवढ्यात त्यांनी खाली फोटो काढला. टेबल नाही, मशीन नाही, पाटी नाही. कागदावर लिहिलं, जिन्याखालची खोली, रिकामी, वापरात नाही. मग वर येऊन माझ्याकडची कॉफी प्यायले आणि घर किती छान ठेवलंय म्हणाले. मी फुशारले. संध्याकाळी सगळं सामान जागच्या जागी लावलं, पाटी लावली. मास्तर आले तेव्हा काही हललंय हे त्यांना कळलंसुद्धा नाही.

आता तुम्ही हसायचं थांबलात. बरोबर आहे.

महिन्यानं नव्या इमारतीत कुणाकुणाला जागा मिळणार त्याची यादी लागली. मला नातीनं वाचून दाखवली. ज्याच्याकडे जागेचा कागद आहे त्याचं नाव कागदावरून, ज्याच्याकडे नाही त्याचं मोजणीवरून. मास्तरांकडे कागद नव्हता. जुन्या सेक्रेटरींनी तोंडी दिलेला शब्द होता आणि ते सेक्रेटरी आता हयात नाहीत. रोज सकाळी येऊन बसणं हाच त्यांचा कागद, आणि तो मी त्या दिवशी साबणानं धुऊन टाकला होता. यादीत त्यांचं नाव नव्हतं. हरकतीला पंधरा दिवस होते.

त्या पंधरा दिवसांत मी काय केलं? मी बोलणारी बाई, दिवसाला शंभर गोष्टी सांगते. ही एक सांगितली नाही, घरच्यांना आणि त्या कामवाल्या बाईलाही सांगू दिली नाही. पहिल्या दिवशी वाटलं, उद्या सांगू. मग कुणीतरी जिन्यात म्हणालं, एक जरी हरकत आली तरी पुन्हा मोजणी, फाइल सहा महिने मागे. मला नातीचं ते दार दिसलं. लिफ्ट दिसली. मास्तर स्वतः वर आले, चार मजले चढून. विचारलं, "मावशी, मोजणीच्या दिवशी माझी खोली कुणी उघडली होती का? फोटोत माझी खोली रिकामी कशी?" मी कढईत उलथनं फिरवत होते. मान वर केली नाही. म्हटलं, होईल हो मास्तर, सगळं नीट होईल, चांगला विचार करा. ते म्हणाले, "तुम्ही म्हणताय तर होईल," आणि चार मजले उतरून गेले.

नंतरची मीटिंग तुम्हाला सगळ्यांना आठवते. याच हॉलमध्ये झाली. सेक्रेटरीसाहेब, तुम्हाला दोष देत नाही, तुमच्यासमोर फोटो होता. तुम्ही म्हणालात, "मास्तर, लेकीकडे जायचं म्हणून सामान हलवलंत आणि यादी बघून परत आणलंत. बावीस घरांना खोळंबून ठेवू नका." मास्तर एवढंच म्हणाले, "मी खोटं बोलत नाही." दोनदा म्हणाले. मी दुसऱ्या रांगेत होते, चष्मा पुसत होते. तो चांगला स्वच्छ होता.

मग लेकीनं बोलावलं म्हणून मास्तरांनी निघायचं ठरवलं, आपण निरोप समारंभ ठरवला, वर्गणीतून भिंतीवरचं घड्याळ आणलं, आणि चार शब्द बोलायला मला सांगितलं. मला! सोमवारी मास्तर पुन्हा वर आले. म्हणाले, "मावशी, किल्ली तुमच्याकडेच ठेवा. बिल्डरची माणसं आली की द्या. दुसऱ्या कुणावर माझा भरवसा नाही." मी हात पुढे केला. किल्ली घेतली. ते गेल्यावर भाषण लिहायला बसले ते हे.

मास्तर, काय? काही म्हणालात? माईक द्या त्यांना. बरं, राहू दे, मला ऐकू आलं. मास्तर विचारतायत, "पाटी पण तुम्हीच काढली होती?" हो मास्तर. गच्चीत दिवसभर उन्हात होती. "तरीच," म्हणतायत, "मी आलो तेव्हा अक्षरं उजळली होती. मला वाटलं, डोळे सुधारले."

अहो, तुम्ही असं बोलू नका. चिडा तरी.

आर्किटेक्टबाई, तुमच्याकडे तो फोटो असेल. तो मोठा करून नीट बघा. डाव्या कोपऱ्यात एक बादली आहे, कडीला निळी दोरी बांधलेली, आणि फरशी ओली आहे. रिकाम्या, वापरात नसलेल्या खोलीत बादली कुणाची, हे कुणीच विचारलं नाही. ती माझी आहे. दोरी माझ्या मुलानं बांधून दिली आहे. आजही आमच्या मोरीत आहे, वर येऊन बघा.

सूनबाई, मला खुणा करू नकोस. बाळ, तूही रडू नकोस. तुझी खोली कुठे जात नाही. गेली तरी सहा महिन्यांनी मिळेल, आणि तोवर त्या स्टुलाशेजारी मी बसेन आणि वर जाणाऱ्या प्रत्येकाला गप्प बसवीन.

सेक्रेटरीसाहेब म्हणतायत, "आजी, अहो, गुरुवारी करारावर सह्या आहेत, आता हे कुठे काढता?" आताच काढते, कारण सह्या व्हायच्या आहेत. वयानं मोठी म्हणून पहिली सही माझी ठेवली आहे ना तुम्ही? ती मी करणार नाही. इमारत नको म्हणून नाही. इमारत होऊ दे, उंच होऊ दे, समोरच्यापेक्षा एक मजला जास्त होऊ दे. पण खाली मास्तरांची खोली असेल, कागदावर त्यांचं नाव असेल, तर. आर्किटेक्टबाईंना मी कार्यक्रमाआधी बाजूला घेऊन विचारलं, माझं नाव न सांगता. म्हणाल्या, करार होण्याआधी सगळ्या सभासदांनी मिळून अर्ज दिला तर यादी दुरुस्त होते. वेळ जाईल, पण होते. बाई, मान हलवा म्हणजे सगळ्यांना दिसेल. बघा, हलवली.

हा तो अर्ज. वर मी काय केलं ते लिहिलं आहे, सामान कुठे नेलं, पाटी कुठे वाळवली, पंधरा दिवस गप्प का बसले, सगळं. मास्तर खोटं बोलले नव्हते असं वेगळ्या ओळीत लिहिलं आहे. खाली बावीस रेघा आखल्या आहेत. पहिल्या रेघेवर माझी सही झाली आहे. उरलेल्या एकवीस तुमच्या आहेत. घाई असेल त्यांनी जावं, चहाबिस्किटं बाहेर ठेवली आहेत, कुणाला अडवणार नाही. मी इथेच बसून आहे.

तुम्हाला, मास्तर, मला माफ करा असं म्हणणार नाही. माफी मागितली की तुमच्यासारखा माणूस लगेच 'असू दे मावशी' म्हणतो, आणि मग माझंच काम सोपं होतं. तुम्ही लेकीकडे जाऊन या. राहावंसं वाटलं तर राहा. पण जाल ते तुमच्या मनानं जा, आम्ही घालवलं म्हणून नको. त्यामुळे निरोपाचं भाषण मला काही जमलं नाही. घड्याळ तेवढं घेऊन ठेवा, चांगलं आहे.

अध्यक्ष डॉक्टरसाहेबांनी मला बोलायची संधी दिली, नातीनं आखून दिलेल्या रेघांवर माझं अक्षर नीट बसलं, आणि तुम्ही पाच मिनिटांऐवजी इतका वेळ ऐकून घेतलंत, त्याबद्दल सगळ्यांचे आभार. माझ्या बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर ते पोटात घाला. वागण्यात झालं ते घालू नका, त्याच्यावर सही करा.