रब्बींच्या चौदा जागा

सन्माननीय अध्यक्ष वकील माधवराव बीडकर, व्यासपीठावरचे शिक्षणखात्याचे नाझिमसाहेब, आज ज्यांच्या निरोपासाठी जमलो ते आपले हायम सर चेऊलकर, आणि नारायणगुड्याच्या या हॉलमध्ये दाटीवाटीनं बसलेले सगळेजण!

सरांच्या गणिताबद्दल सगळे बोलले. मी त्यांच्या रब्बींबद्दल बोलणार.

सर बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू, अलिबागकडचे. घरात आपल्यासारखीच मराठी. रब्बी येकुतिएल हे त्यांच्या धर्माचे जुने पंडित, आठशे वर्षांपूर्वी फ्रान्समध्ये होऊन गेलेले. दिवसभर कापड रंगवायचे, आणि त्याच निळ्या बोटांनी धर्मग्रंथाचा अर्थ लिहायचे. सरांनी ते सगळं हिब्रूतून मराठीत आणलं. वीस वर्षं, एकच वही!

गेल्या वर्षी मी म्हटलं, "सर, फेअर कॉपी मी करते."

"विमलबाई, तुम्ही कॉन्व्हेंटवाल्या. मराठी वाचता येतं?"

"हौ सर, सावकाश."

हसताय काय? तुमच्यातले किती जण भरभर वाचतात?

तर, चौदा ठिकाणी रब्बींनी लिहिलंय, 'इथला अर्थ मला कळला नाही.' मला वाटलं, एवढा मोठा पंडित, बरं दिसतं का हे? चौदाही ठिकाणी मी माझ्या डोक्यानं अर्थ भरून टाकला! ऐटीत नल्लकुंट्याला सरांच्या घरी नेऊन दिलं. सरांनी वाचलं. चौदा वेळा पेन्सिलीनं खूण केली.

"जिथं कळलं नाही तिथं ते तसं सांगतात," सर म्हणाले, "म्हणून तर बाकीचं आपण खरं मानतो. नेमकं तेच तुम्ही पुसलंत."

यांच्यात देवाचं नाव असलेली जीर्ण वही टाकत नाहीत, मानानं पुरतात. सरांच्या वहीची पानं आता सुटायला आलीत; सर उद्याच्या गाडीनं ती गावी नेणार, पुरणार. मग इथं काय उरणार? माझी खोटी कॉपी?

म्हणून मी आठ दिवसांसाठी वही मागून घेतली. सर, ही नवी नक्कल. चौदाही जागी रब्बींचं वाक्य जसंच्या तसं परत लिहिलंय, खुणेला निळ्या चिठ्ठ्या लावल्यात. तपासा, आत्ताच. पसंत पडली तर ही आमच्याकडे राहू द्या.

थांबा, टाळ्या नकोत. सर बघतायत... पेन्सिल काढलीय... अजून दोन चिठ्ठ्या राहिल्यात...

एकही खूण न करता पेन्सिल खिशात गेली!

आता वाजवा!

अध्यक्षांचे, नाझिमसाहेबांचे, तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. बोलण्यात काही चुकलं असेल तर सांभाळून घ्या, आणि तिथं पेन्सिलीनं खूण करा. मी पुन्हा लिहीन.