दोन इंचांनी काय होतंय

…आणि वर मेकॅनिक मलाच म्हणतो, "साहेब, तुम्ही गाडी उंच करा म्हणालात, मी उंच केली." बरोबरच आहे त्याचं. बरोबर आहे म्हणून तर जास्त चीड येते. चुकीचं बोलला असता तर चार शब्द सुनावून घरी आलो असतो आणि निवांत झोपलो असतो.

तुम्हाला सांगतो, या सगळ्याच्या मुळाशी एक दगड आहे. माझी ताई राहते डोंगराच्या अंगाला, डांबरी रस्ता संपला की कच्ची वाट, आणि वाटेच्या बरोब्बर मधोमध हा दगड, एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला चर, म्हणजे चुकवायचा म्हटला तरी जाणार कुठे? उपटून टाकायचा म्हणाल, तर भाऊजींनी, म्हणजे ताईच्या नवऱ्यानं, पहार घेऊन तेही करून बघितलं. पहार वाकली. दिसतो तेवढाच नाहीये तो, खाली अख्खा डोंगर आहे त्याला. आणि दर रविवारी मी आईला घेऊन ताईकडे निघतो आणि दर रविवारी माझ्या गाडीला खालून तो दगड… ठण्ण. आता गाडी छोटी असली तरी खाचखळग्यांतून जायलाच केलेली, चारही चाकांना इंजिनाची ताकद, घेतली तेव्हा मी सगळ्या नातेवाइकांना फोन करकरून सांगितलेलं, ही कुठेही जाते म्हणून. जाते हो कुठेही. फक्त ताईकडे जाताना आपटते. तो आवाज झाला की भाऊजी दारात येतात आणि मान वळवून आत सांगतात, "अगं चहा टाक, तुझा भाऊ आला."

तेही चालवून घेतलं असतं. भाऊजींनी चेष्टा करायची नाही तर कुणी करायची? पण आई. आईला वाटतं तिच्या वजनानं गाडी खाली बसते. एवढीशी आई, गुडघ्यांनी हैराण, पण दगड आला की हात दाराकडे. "थांब रे, मी उतरते, गाडीला तेवढंच हलकं." मग ती उतरणार, आधी दाराला धरणार, मग भिंतीला धरणार, दगडाच्या पलीकडे जाऊन उभी राहणार, आणि मी हा एवढा घोडा आत काचा लावून बसलेला, तिच्या देखत ठण्ण करून येणार. आणि भाऊजी सगळं दारातून बघताहेत. लाज वाटायची हो. खरंच सांगतो, मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. म्हणून ठरवलं, गाडी उंच करायची. काय वाट्टेल ते होवो, आईनं आता वाटेत उतरायचं नाही.

गेलो मेकॅनिककडे. तर हा गृहस्थ दात कोरत होता. दात कोरता कोरताच म्हणाला, "चारही स्प्रिंगा बदलू. उंच स्प्रिंगा टाकल्या की गाडी दोन इंच वर." मी विचारलं, बाकी काही त्रास वगैरे? त्यानं काडी बाहेर काढली, काडीकडे बघितलं, आणि म्हणाला, "दोन इंचांनी काय होतंय साहेब?"

हे वाक्य मी आता झोपेत बडबडतो, असं आमच्या हिचं म्हणणं आहे.

स्प्रिंगा बसल्या. दिसायला गाडी झकास, खोटं कशाला बोलू, टाचा उंच करून फोटोला उभी राहिल्यासारखी. घरी निघालो तर स्टिअरिंग सरळ आणि गाडी तिरकी! उतरून बघतो, उजवीकडची चाकं बाहेर आलेली आणि डावीकडची आत गेलेली. गेलो परत. "हां, ते होणारच. खाली एक आडवा दांडा असतो, गाडी वर गेली की तो चाकांना बाजूला ओढतो. दांडा बदलावा लागेल." मी म्हटलं, अहो, तुम्ही तर म्हणालात दोन इंचांनी काय होतंय? तर म्हणाला, "गाडीला काय होतंय? झालं ते दांड्याला झालं." दांडा बदलला. मग ब्रेकच्या नळ्या ताणल्या म्हणून नळ्या बदलल्या. मग समोरच्या इमारतीतल्या बाई खाली आल्या, "तुमच्या गाडीचे दिवे हल्ली आमच्या स्वयंपाकघरात येतात." त्यांना मी हसत हसत म्हणतोय, अहो, दोन इंचांनी काय… आणि माझं मलाच पुढे बोलवेना. दिवे खाली करून घेतले.

आणि बसल्यावर काय दणके! रस्त्यावर एखादी काडी पडलेली असली तरी ती पाठीला कळते. परत गेलो. "साहेब, या सामान भरून फिरणाऱ्यांच्या स्प्रिंगा. मागे वजन टाका, मऊ लागतील." मी घरी येऊन हिला म्हटलं, मेकॅनिक म्हणतो गाडीत वजन पाहिजे. ती म्हणाली, "माझ्याकडे बघायचं नाही."

तर अशी सगळी साग्रसंगीत तयारी होऊन रविवार उजाडला. आई पिशवी घेऊन खाली आली, दार उघडलं, पाय उचलला, आणि पाय तिथेच राहिला. पोचेचना. दुसरा पाय उचलून बघितला. "अरे, हिला शिडी कुठून आहे?" मग बाथरूममधलं स्टूल आणलं, खालून हिनं आधार दिला, वरून मी हात दिला, आणि आई एकदाची आत. गुडघा धरून बसली. तरी मलाच म्हणाली, "चांगलं दिसतं रे इथून."

त्या वाक्यावर मी फुललो ना. कच्ची वाट लागली, आईचं बोलणं दणक्यादणक्यानं तुकडे होऊन येतंय, तरी मी आपला खुशीत. दगड दिसला. आईचा हात दाराकडे. म्हटलं, आई, अजिबात उतरायचं नाही, नुसती बघत राहा. भाऊजी दारात उभे. मुद्दाम काच खाली केली, म्हटलं ऐका आज शांतता…

ठण्ण.

तोच आवाज. सूरसुद्धा तोच! "अगं, चहा टाक."

मी तसाच गाडीखाली शिरलो, चांगल्या शर्टानिशी. गाडीचं पोट बघावं तर हे एवढं वर, खाली मोकळी जागाच जागा, आणि मागच्या दोन चाकांच्या मध्ये एक लोखंडी गोळा, त्यावर सगळे जुने ओरखडे आणि मधोमध आजचा ताजा. तिथूनच, आडव्यानं, मेकॅनिकला फोन. "तो गोळा होय? तो चाकांच्या आसात असतो साहेब. स्प्रिंगा त्याच्या वर बसतात. स्प्रिंगा त्याला कशा उचलतील?" मी विचारलं, मग इतके दिवस वर काय गेलं? "तुम्ही गेलात." आणि मग ते तुम्हाला मघाशी सांगितलेलं, तुम्ही उंच करा म्हणालात वगैरे. गोळा वर न्यायचा तर टायर मोठे पाहिजेत म्हणे. मोठ्या टायरांनी बाकी काही होणार नाही ना, असं विचारणार होतो, पण त्याचं उत्तर आधीच कानात वाजायला लागलं, आणि मी फोन ठेवून दिला.

बाहेर येऊन आईला नीट समजावलं. म्हटलं, तुझ्या वजनाचा कधी संबंधच नव्हता, तू आत असलीस काय, बाहेर असलीस काय, तो गोळा आहे तिथेच असतो. तिनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं, माझ्या शर्टाची धूळ झटकली, आणि पुढच्या रविवारी दगड आल्यावर गेली की हो उतरून. तिला वाटलं, नव्या स्प्रिंगा आहेत, उगाच दुखवायला नकोत. उतरणं एक वेळ जमतं, सरकून येते खाली. परत चढणार कशी? त्या खडकाळ उतारावर स्टूल उभं राहत नाही. म्हणजे पूर्वी ती दगडापुरती चालायची, आता दगडापासून घरापर्यंत चालते, भिंतीला धरून, सावकाश, आणि तिच्या मागून पहिल्या गिअरमध्ये मी. तिला चालायला लागू नये म्हणून दोन इंच उंच केलेल्या गाडीत.

परवाच्या रविवारी तर पलीकडे उभी राहून मलाच हातवारे करत होती. "ये… ये… थोडी उजवीकडे घे… ये…" ठण्ण. तिनं वाकून गाडीखाली बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, आणि समाधानानं म्हणाली, "बघ, मी उतरले म्हणून थोडक्यात निभावलं."

म्हटलं, हो आई. तू होतीस म्हणून.