धावपट्टीआधीचं वळण

— न्हाई वहिनी, बाजंवर नगा बसू, तिचं एक अंग सैल झालंय, खुर्ची घ्या. मी उठत न्हाई, राग मानू नगा. कमरंखालचं मला काही कळत न्हाई आता. अंबाजोगाईच्या दवाखान्यात म्हणले, व्यायाम करत ऱ्हावा — करते. आय पाय धरून वाकवती, मी भिंतीकडं बघते. तुमी एवढ्या लांबून धारूरला आलात ते सरांची शेवटची घटका कशी गेली ते ऐकायला, मला काय कळत न्हाई का? कळतंय. चहा घ्या. शेळीच्या दुधाचा हाय, वास लागंल जरासा.

प्रविण सरांसारखा शिकवणारा न्हाई वहिनी. इमान उडवायला शिकायला आलेली बाकीची पोरं माझ्या बोलण्याला हसायची, धनगराची पोर म्हणून हसायची — सर न्हाई. पहिल्याच दिवशी म्हणले, शिवकन्या, मेंढरं वळवता येतात ना, मग हे एकलं इमान कावून वळणार न्हाई? घरी बी असंच बोलायचे का? — असंच असंल.

त्या दिवशी आमी उतरायलाच चाललो होतो. शेजारीशेजारी बसलेलो, चालवत मी होते. उतरायच्या आधी एक शेवटचं वळण असतंय, धावपट्टीच्या समोर यायचं. वाऱ्यानं आमाला बाहेर ढकललं. सर म्हणले, आवळ वळण, अजून आवळ. मी आवळलं. वेग कमी झाला — आन् हातातली दांडी, जिनं इमान वरखाली करतात ती, थरथरायला लागली. इंजन बंद पडलं न्हवतं वहिनी, पेपरात चुकीचं आलंय. इंजन चालूच होतं. वेग गेला, वळण आवळलं की पंखावरची हवा सुटती, मग इमान नुसता धोंडा. डावा पंख खाली गेला, त्याच्यामागं नाक. काचंत आभाळ न्हाई, सगळं तुरीचं रान.

अशा टायमाला काय करायचं? जीव म्हणतो वर ओढ — ओढायचं न्हाई. दांडी पुढं दाबायची, जमिनीकडंच जायचं, इंजनला पुरा जोर द्यायचा, वेग आला की मग हळू उचलायचं. सरांनीच शिकवलं. लई उंचावर नेऊन करून घ्यायचे, पुन्हा पुन्हा, मला पाठ होईस्तोवर. पर उंचावर खाली जागा असती. तीनशे फुटांवर कुठली जागा?

तरी मी दाबली. पुढं दाबली, उजव्या पायाखालची पट्टी दाबली, इंजनला जोर दिला — पंख सरळ होत होता वहिनी, मला जाणवत होतं, वेग येत होता — आन् दांडी मागं आली. दोघांच्या दांड्या आतून जोडलेल्या असतात ना, एक हलली की दुसरी हलती. मी दाबतेय आन् ती मागं येतेय. मी म्हणलं, सर, सोडा. सर, सोडा ना. त्यांचे दोन्ही हात —

न्हाई. मला काय आठवत न्हाई. डोक्याला मार हाय. चौकशीवाल्यांना बी मी तेच सांगितलंय.

असं नगा बघू. हे मी बोलणार न्हवते, खरंच न्हवते. सर भ्यालेले न्हवते — खोटं तरी किती बोलू, भ्याले होते. जमीन एवढी जवळ आली की हात आपले ऱ्हात न्हाईत. तुमच्या लेकीचं, धनश्रीचं नाव घेतलं त्यांनी. एकदाच. तेवढं तुमचं हाय, ते घेऊन जावा.

वाचलो असतो का? कुणाला ठाऊक. मी रोज हितं पडून मनातल्या मनात ती दांडी दाबते. कधी झाडांच्या शेंड्यावरून निघतो आमी, कधी न्हाई.

गावात म्हणतात, सटवा धनगराच्या पोरीनं मास्तर मारला. बापानं बाजारला जायचं सोडलंय, मेंढरं दुसऱ्याच्या हातून इकतो. — न्हाई वहिनी, तुमी कुठं बी जाऊन खरं सांगू नगा. सांगून काय हुईल? माझे पाय येतील? तुमचा नवरा येईल? तुमच्या लेकीला लोक बापावरून बोलतील, दुसरं काय हुणार? एका घराचं वाटोळं झालंय ते बास हाय.

हात सोडा माझा. मला रडायचं न्हाई, माझं रडून झालंय. आय, वहिनींना फाट्यावर सोड, उजेड हाय तोवर घाट उतरू दे.

जावा. आन् पुन्हा येऊ नगा.